हात लाव गो

आमच्या सातपाटीत मासळीची पाटी कुणी एकटी उचलत नाही. "हात लाव गो," म्हणायचं. जवळ जी असेल ती हात लावते आणि पाटी डोक्यावर चढते. भांडण असलं तरी या हाकेला नाही म्हणायची रीत नाही. त्यामुळेच माझ्या थोरल्या बहिणीची, हिराची ताकद सरत चाललीय हे गावात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. खाली बसलेली हिरा उठताना आधी गुडघ्यांवर हात टेकते, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत वर येते. मीही तशीच उठायचे. आता उठतच नाही.

ब्याण्णव साली मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींच्या मांडीचा तुकडा काढून तपासला. स्नायू झिजण्याचा आजार, दोघींनाही, आईकडून आणि बाकडून मिळून आलेला.

"मग ही चालते कशी?" मी तणतणले. धाकटी मी आणि आधी बसले मी!

"दोष तोच आहे, जमना," डॉक्टर म्हणाले. "पण आईबापाकडून माणसात इतरही पुष्कळ उतरतं. त्यातलं काहीतरी हिचा आजार रेंगाळत ठेवतंय, तुझा नाही. नेमकं काय, ते अजून आम्हालाही कळलेलं नाही."

म्हणजे वाटे घालताना आईबानं पापलेट हिराला दिलं आणि मला काटे. मला तिचा हेवा वाटतो. तीच मला उचलून मोरीत नेते, तरी वाटतो.

आईबा गेले, घरात आम्ही दोघीच. गावाला ठाऊक असलेली आजारी मात्र एकच, मी. आजार लागेल म्हणून आमच्याकडचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही. हिराचं कळलं तर पालघरच्या बाजारात तिच्या हातची मासळी कोण घेणार? आणि मग आम्ही खाणार काय? म्हणून दोघींनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

त्या दुपारी मला मोरीतून आणताना हिराचे गुडघे वाकले. आम्ही दोघी जमिनीवर आलो. तिनं मला कसंबसं बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात टेकले, अर्धी उठली आणि परत बसली. पुन्हा तेच. कोपऱ्यातल्या पाटीत मांजर शिरलं, बोंबील ओढायला लागलं. आम्ही नुसत्या हाडहाड करत राहिलो.

"हाक मारू कुनाला?"

"नाय. दम खाते जरा, मग उठते."

ती उठली नाही. दारातलं ऊन सरकत आमच्या पायांवर आलं. हिरा रडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटला नाही आणि त्याचीच भयंकर भीती वाटली. तिचे पाय गेले तर माझे दुसऱ्यांदा जाणार होते.

बाहेर शेजारची नवसी जाळं वाळत घालत होती. मी ओरडले, "नवसे, हात लाव गो!"

हिरानं माझं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता. नवसी लुगड्याला हात पुसत दारात आली.

"आता कुठं चालली पाटी? हाय कुठं?"

हिरानं डोळे पुसले आणि आपलाच हात वर केला.

"पाटी नाय गो," ती म्हणाली. "मला लाव."

नवसी उंबऱ्यातच थांबली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हिराकडे. हिराचा दंड थरथरायला लागला, पण तिनं हात खाली घेतला नाही.