कबुलीचा शुक्रवार

पगारवाढ व्हायलाच हवी होती, याबद्दल सरकारी वकीलबाईंच्या मनात कधी शंका नव्हती. लोकांना वकिलाचा काळा कोट दिसतो, कोटाचं फाटलेलं अस्तर कुणी बघत नाही. न्यायाधीशसाहेबांची तर आणखीच तऱ्हा. दिवसभर वर बसून लोकांच्या जमिनींचे नि बंगल्यांचे निकाल द्यायचे आणि संध्याकाळी खाली उतरून स्कूटर आडवी पाडून, ती आज तरी चालू होते का, हे बघायचं. संघटनेनं अर्ज केले, काळ्या फिती लावल्या, एक दिवस काम बंद ठेवलं. वकीलबाई तेव्हा पोटुशी होत्या, तरी पोट सांभाळत सगळ्यांबरोबर न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या.

सरकारनं शेवटी मान्य केलं. पण तिजोरीत खडखडाट, म्हणून एक युक्ती काढली. यापुढे जो गुन्हा कबूल करील किंवा दोषी ठरेल, त्यानं दंडाशिवाय न्यायनिधी नावाचं शुल्क भरायचं. त्या निधीतून न्यायाधीशांची आणि सरकारी वकिलांची वाढ द्यायची. निधी भरला तर वाढ पूर्ण, नाही भरला तर जेवढा असेल तेवढ्यात भागवायचं. जो निर्दोष सुटला त्याच्याकडून अर्थातच छदाम नाही. त्याच्याकडून कुठल्या तोंडानं मागणार?

हे झालं तेव्हा वकीलबाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. नवऱ्यानं बातमी वाचून दाखवली आणि त्या लेकीला पाजता पाजता म्हणाल्या, "झालं एकदाचं." पुढचं नीट ऐकलंही नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नवं घर बघितलं. राहत्या घराची मागची भिंत बारा महिने ओली. खाट भिंतीपासून लांब ओढता ओढता दाराला येऊन टेकली, तरी पोरीच्या छातीत मांजराचं पिल्लू बसल्यासारखी घरघर असायचीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "औषध मी देते, भिंत तुम्ही बदला." नव्या घरात सासूबाईंनी आधी भिंतीला तळहात लावून बघितला, मग गाल लावून बघितला. "कोरडी आहे गं," त्या इतक्या हळू म्हणाल्या की जणू मोठ्यानं बोललं तर भिंतीला पाझर फुटेल. इसार दिला तो वाढीच्या भरवशावर.

रजा संपवून वकीलबाई कामावर आल्या, तो दिवस शुक्रवार होता.

शुक्रवार हा या न्यायालयात पहिल्यापासून कबुलीचा वार. सिग्नल मोडलेले, भांडणात एकमेकांचे शर्ट फाडलेले, फूटपाथवर टोपली मांडून बसलेले, असे किरकोळ खटले त्या दिवशी निघायचे. ज्याला गुन्हा मान्य असेल त्यानं तसं सांगायचं, दंड भरायचा, मोकळं व्हायचं. साहेब एकेकाला जवळ बोलवत आणि विचारत, "काय कबूल करतोयस ते कळतंय ना?" एकदा असं विचारता विचारता लक्षात आलं की समोरचा म्हातारा आरोपीच नाही. तो मुलाचा डबा घेऊन आला होता, रांग दिसली म्हणून रांगेत उभा राहिला होता. सगळं कोर्ट हसलं होतं, साहेबही हसले होते.

आता साहेबांच्या खाली नवी खुर्ची होती. तिच्या हातांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. साहेब जरा हलले की ते कर्रकर्र वाजायचं. समोर माणसं ओळीनं उभी केलेली, एका वेळी दहा. शिपायानं नावं वाचली की साहेब मान वर न करता विचारत, "सगळ्यांना कबूल?" ओळीतून 'हो'चा एकच गलका उठे. कर्रकर्र. पुढची ओळ.

मेंढरं कातरतात तिथेसुद्धा एकेकीला धरतात, वकीलबाईंच्या मनात आलं. दोन ओळींच्या मधल्या वेळात त्या पाणी प्यायला बाहेर आल्या.

बाहेर शुल्काच्या खिडकीपाशी एक रिक्षावाला पावती हलवत दुसऱ्याला सांगत होता, "साहेबांचा पगार भरून आलो. म्हणजे मी मालक झालो की नाही?"

"मग मालक, त्यांना सांगा की, स्वतःच्या पैशानं जेवा म्हणावं."

दोघं खो खो हसले. वकीलबाईंना बघून गप्प झाले, आणि त्या पुढे गेल्यावर पुन्हा हसले.

नळापाशी एका बारीक माणसानं त्यांना गाठलं. "बाई, तुम्हीच ना सरकारी? मी काचेतला फिर्यादी."

"कसल्या काचेतला?"

"पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर असतो मी. आमची काच फुटली होती बघा. तुमच्याकडं आज ती दवाखान्यातली आया आलीय त्यात. ती नव्हती हो."

"ती नव्हती म्हणजे?"

"म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून लोक पिसाळले होते. मागून रेटा आला आणि काच गेली. कुणाचं कोपर, कुणाचा हात, मला काय दिसणार? मी टेबलाखाली होतो."

"मग तुम्ही तिचं नाव कसं दिलंत?"

"नाव दिल्याशिवाय नवी काच मंजूर होत नाही ना. गुन्हा नोंदवा, मग काच, असा आमच्याकडं नियमच आहे. ही रांगेत पहिली होती. तिचा अर्ज समोरच पडला होता, त्यावर नाव होतं." त्यानं समाधानानं मान हलवली. "काच आली पण. चांगली जाड दिलीय. आता त्या बाईला कशाला उगीच त्रास?"

"हे साहेबांपुढं सांगाल?"

"कशाला सांगायला लावता? तुम्हीच खटला मागे घ्या की. माझी अर्ध्याच दिवसाची रजा आहे."

वकीलबाईंनी त्याला तिथंच थांबायला सांगितलं आणि तडक मोठ्या वकिलांच्या खोलीकडं गेल्या. मोठे वकील म्हणजे सगळ्या सरकारी वकिलांचे वरिष्ठ. खटला मागे घ्यायचा तर त्यांची सही लागायची. ते वर्तमानपत्रावर उकडलेली अंडी सोलत बसले होते. मागच्या फळ्यावर प्रत्येक वकिलाचं नाव आणि नावापुढं खडूच्या रेघा, जेवढ्या कबुल्या तेवढ्या.

"या बाळंतीणबाई. बसा. अंडं घेणार?"

"नको सर. काचेचा खटला मागे घ्यायचाय. फिर्यादीच म्हणतोय, ती नव्हती."

"आणि ती काय म्हणते?"

"ती कबूल करायला आलीय."

"मग अडलंय कुठं?"

"ती नव्हती, सर."

"अगं, तिला कबूल, साहेबांना चालतंय, फिर्यादीची काच बसली. सगळे तृप्त आहेत. तू एकटीच का उपाशी?"

"ती सरकारी दवाखान्यात आहे. दोषी ठरली की नोकरीवरून काढतात."

"ते तिच्या वकिलानं तिला सांगावं."

"तिला वकील नाही."

"मग तो तिच्या नशिबाचा भाग झाला." त्यांनी अख्खं अंडं तोंडात टाकलं आणि तसंच बोलू लागले. "तिमाही संपत आली, निधी अर्धासुद्धा नाही. तू घरी पाळणा हलवत होतीस तेव्हा तुझा वाटा आम्ही धरून चाललो. कुणी काही म्हणालं का? घर घेतेयस ना? छान. कोरडं आहे म्हणे."

पिवळा चुरा त्यांच्या मिशीवर अडकला होता. सासूबाईंनी भिंतीला गाल लावून उच्चारलेला तो शब्द त्या तोंडात फिरताना बघून वकीलबाईंना शिसारी आली. त्या बाहेर पडल्या. नळापाशी बघितलं तर फिर्यादी निघून गेला होता.

आया बाकावर बसली होती, पायात वॉर्डातल्या रबरी चपला. वकीलबाई दिसताच ती उठली. "लवकर आटपा हो बाई. चौथी खेप ही माझी. दर वेळी खाडा. शिपाई म्हणाला, कबूल म्हटलं की आजच सुटका."

"काच तुम्ही फोडलीत?"

"मी कशी फोडणार? माझ्या दोन्ही हातांत बादल्या होत्या."

"मग कबूल का करता?"

"बाई, फोडली म्हणायला किती वेळ लागतो? नाही फोडली म्हणायला वर्ष जाईल." तिनं पदर खोचला. "वॉर्डात एक पोरगं आहे, माझ्या हातचंच पितं. दुसऱ्या कुणी चमचा लावला की तोंड फिरवतं. दुपारच्या आत पोचायला पाहिजे मला."

त्या वेळी एक वाक्य बोलायला उसंत होती. एवढंच सांगायचं होतं की त्या पोराच्या तोंडाशी उद्यापासून तुमचा हात असणार नाही. पण वकीलबाईंच्या डोळ्यांपुढं ती कोरडी भिंत आली, भिंतीशेजारी खाट, खाटेवर लेक, छातीत काही न वाजता झोपलेली. त्या गप्प राहिल्या. शिपायानं पुकारा केला आणि आया आत गेली.

ओळ उभी राहिली. आया तिसरी. कडेच्या एका बाईच्या खांद्यावरचं तान्हं पोर कळवळून रडायला लागलं, आणि वकीलबाईंना कोटाच्या आत पान्हा फुटला. पोर कुणाचं, याच्याशी अंगाला काही देणंघेणं नसतं. ते रडणं ऐकतं आणि वाहायला लागतं. ब्लाउज भिजला. त्यांना आपल्या कोटाची, त्या खुर्चीवरच्या प्लॅस्टिकची, आपल्या गप्प तोंडाची एकदमच किळस आली.

"सगळ्यांना कबूल?"

"साहेब," वकीलबाई उभ्या राहिल्या. "तिसऱ्या आरोपीवरचा खटला सरकारला मागे घ्यायचा आहे."

कर्रकर्र. साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "अर्ज आहे? मोठ्या वकिलांची सही?"

"नाही."

"फिर्यादी हजर आहे?"

"आत्ता होता. मला म्हणाला, ही नव्हती."

"आत्ता नाही ना? मग सरकार म्हणजे कोण, तुम्ही?" मागच्या बाकांवर वकिलांत खसखस पिकली. "आरोपी स्वतः कबूल करतेय. तुम्ही का आडव्या येता?"

"मला कबूल आहे साहेब," आया घाईनं म्हणाली. "जाऊ द्या मला."

वकीलबाईंनी साहेबांकडं पाठ केली. असं कुणी करत नाही. "मावशी, कबूल केलंत तर वॉर्डातली नोकरी जाईल. आणि पुन्हा कुठल्या सरकारी दवाखान्यात घेणार नाहीत."

आयाचा कठड्यावरचा हात खाली आला. तिनं साहेबांकडं बघितलं, मग शिपायाकडं. "हे मला कुणी बोललंच नाही," ती म्हणाली. "चार वेळा आले मी. कुणी बोललं नाही."

साहेबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. स्कूटर आडवी पाडणारा तो कनवाळू माणूस या खुर्चीत कुठं बसलाय, हे वकीलबाई शोधत राहिल्या. साहेबांनी चष्मा पुसला. "तिला पुढची तारीख द्या. बाकीच्यांना कबूल?"

'हो' आलं, पण या वेळी विस्कळीत आलं. दोघं-तिघं नुसतेच एकमेकांकडं बघत राहिले.

मोठे वकील बाहेरच उभे होते, रुमालानं बोटं पुसत. आवाज अगदी मऊ. "सोमवारपासून निकालांच्या नकला काढतात त्या खोलीत बस. तिथं काम हलकं आहे, लवकर घरी जाता येईल, बाळालाही बरं. निधी मात्र खटले चालवणाऱ्यांसाठी असतो, तुला माहीतच आहे. आणि काचेचं मी स्वतः बघीन." एवढं बोलून त्यांनी वकीलबाईंच्या पाठीवर, काळ्या कोटावर, दोनदा थोपटलं. ती जागा नंतर बराच वेळ चिकट वाटत राहिली.

इसार बुडाला होता. सासूबाईंना ते कसं सांगायचं, याचा विचार करायला वकीलबाईंना वेळ मिळाला नाही, कारण आया पुढ्यात येऊन उभी राहिली होती आणि चांगली संतापली होती.

"आणखी एक खाडा घातलात माझा."

"हो."

"आधी नाही का सांगायचं? मघाशी विचारत होतात तेव्हा?"

"सांगायला हवं होतं," वकीलबाई म्हणाल्या.

आया थोडी निवली. "बरं. पुढच्या तारखेला तुम्हीच ना?"

"नाही. ते असतील." वकीलबाईंनी लांब चाललेल्या मोठ्या वकिलांच्या पाठीकडं बोट केलं.

"मग मी काय करू?"

वकीलबाई बाकावर बसल्या. आरोपींच्या बाकावर सरकारी वकील बसत नाही. बसायची पद्धत नाही. "ते गोड बोलतील. साहेब घाई करतील. शिपाई म्हणेल, आजच सुटका. कुणी काही म्हणालं तरी एकच बोलायचं. मला कबूल नाही. आणि फिर्यादीला बोलवा म्हणायचं. म्हणून दाखवा."

"आत्ता? इथं?"

"इथंच."

"कबूल नाही," आया पुटपुटली.

"त्यांना ऐकू जायला हवं."

"मला कबूल नाही. फिर्यादीला बोलवा." तिला स्वतःच्या आवाजाचं हसू आलं. वॉर्डातल्या पोरांसारखी मी आता घोकते, असं म्हणत ती खरंच घोकू लागली.

बाकाच्या टोकाला एक टोपलीवाली बसली होती, फूटपाथवर टोपली मांडली म्हणून धरलेली. इतका वेळ ती कान देऊन ऐकत होती. ती सरकत जवळ आली. "बाई, एक विचारू? लोक म्हणतात ते निधीचे पैसे साहेबांच्या पगारात जातात. खरं?"

"खरं."

"तुमच्याही?"

वकीलबाई म्हणू शकल्या असत्या की सोमवारपासून नाही. पण आजवरचा वाटा त्यांच्या नावावर धरलेला होता.

"माझ्याही," त्या म्हणाल्या.

टोपलीवालीनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. टोपली उचलून काखेत घेतली आणि होती तिथून उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मधे आया मान डोलावत हळूहळू म्हणत राहिली, मला कबूल नाही, मला कबूल नाही.