डॉक्टरांचे कान

"काका, मी मशीन चालू करते. तुम्ही ऐकून सांगा, पत्रा धरणारा रिले आधी वाजतो की ठोकणारा?" इंजिनीअर मुलगी समोर येऊन म्हणाली आणि डॉक्टरांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर चाचपला.

डॉक्टर म्हणजे शेडमधले जुने इलेक्ट्रिशियन. स्क्रूड्रायव्हरचं टोक पॅनलला आणि मूठ कानाला लावून ते आतल्या रिलेंची टकटक ऐकायचे आणि कुठला दुखतोय ते बिनचूक सांगायचे, म्हणून डॉक्टर. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या त्या थोराड मशीनशेजारी कपाटाएवढं लोखंडी पॅनल होतं. पत्रा आत घे, धर, ठोक, झाकण बाहेर टाक, हे सगळे हुकूम आतले रिले टकटक करत सोडायचे. आता ते कपाट रिकामं करून तिथे जेवणाच्या डब्याएवढा एक पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटरच, बसायचा होता. मशीन तेच, डोकं नवं. वायरिंगचा जुना नकाशा तेल पिऊन काळा पडला होता, म्हणून पीएलसी बसवायला आलेली मुलगी डॉक्टरांना विचारत होती.

अडचण एवढीच होती की डॉक्टरांना टकटक ऐकूच येत नव्हती. आयुष्यभर ठोकाठोकीत काढल्याचं हे बक्षीस. समोरून बोललेलं ओठांवरून कळायचं, बाकी सगळा कारभार अंदाजपंचे. घरी बायको टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायची, तेव्हा डॉक्टर टीव्हीच बिघडलाय म्हणायचे आणि एका रविवारी तो खोलूनही बसले होते. कारखान्यात मात्र हे कोणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर साहेबांनी त्यांना उचलून स्टोअरच्या खिडकीत बसवलं असतं. आणि मशीनजवळून उठवलं तर आपण उरतो कोण, हे डॉक्टरांना कळत नव्हतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, चेहरा गंभीर केला. मशीन हललं तेवढं पायाला जाणवलं. डोळे उघडले तर समोर मावशी.

मावशी त्या मशीनच्या ऑपरेटर. वयाने डॉक्टरांपेक्षा लहान, पण सगळ्या शेडच्या मावशी, म्हणून त्यांच्याही. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू आणि आवाज असा की मशीनने लाजावं. कानांचं गुपित कळू नये म्हणून डॉक्टर सगळ्यांत जास्त कोणापासून सांभाळून असतील तर त्यांच्यापासूनच. "त्या बाईच्या पोटात तीळभर राहत नाही," असं ते चहाच्या वेळी सगळ्यांना सांगायचे.

"अहो, ऐकायचंय काय त्यात?" मावशी हात नाचवत गरजल्या. "आधी धरणारा, मग जरा दम खाऊन ठोकणारा. रोज ऐकून कान किटले माझे."

"आधी धरणारा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मग दम खाऊन ठोकणारा. आणि मावशी, तोंडाला जरा कुलूप लावा. मला ऐकू द्या."

मुलीने लिहून घेतलं. डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. ही बाई मधे तडमडली म्हणून आज निभावलं, असं त्यांच्या मनात आलं. अशी ती बऱ्याचदा तडमडायची आणि बऱ्याचदा निभावायचं.

मग काम सुरू झालं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी एकेक रिले सोडवला, फडक्याने पुसला आणि खोक्यात ठेवला. येणारा-जाणारा थांबून हळहळायचा. "डॉक्टर, पेशंट गेले की हो तुमचे." डॉक्टर मान खाली घालायचे. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण मनातल्या मनात ते सुटकेचा निःश्वास टाकत होते. पीएलसीवर दिव्यांच्या ओळी होत्या. कोण काम करतंय आणि कोण अडलंय हे दिवेच सांगणार होते, आणि डोळे अजून धड होते.

मशीन नव्या डोक्याने चालू झालं. एकदा मधेच अडलं तेव्हा डॉक्टरांनी दिवे पाहिले, सैल झालेला सेन्सर आवळला आणि चहा गार व्हायच्या आत परत आले. "काका, तुम्ही तर लगेच शिकलात," मुलगी म्हणाली. डॉक्टर दिवसभर हवेत होते.

पण थोड्या दिवसांत त्यांना शेडमध्ये काहीतरी कमी वाटू लागलं. सगळं जागच्या जागी होतं. मग लक्षात आलं, मावशी बोलत नव्हत्या. मुकाट्याने पत्रे लावायच्या, झाकणं मोजायच्या, डबा खायच्या. कुलपाचं बोलणं मनाला लागलं असणार, या विचाराने डॉक्टरांना रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्यानंतर त्यांनी मावशींना गाठलं. "रागावलात का माझ्यावर?"

मावशी वळून नीट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "कशाला रागावू?"

"मग बोलत का नाही?"

"आता दिवे दिसतात की तुम्हाला," मावशी म्हणाल्या. "माणसाने घसा ताणायचा तरी किती? घरी जाईपर्यंत आवाज बसलेला असायचा माझा. मुलं हसायची."

डॉक्टरांना एकेक आठवू लागलं. आज तिसरा रिले अडखळतोय, आज खालची ओळ कुरकुरतेय. रोजची ती बडबड, आणि दर वेळी तोंड त्यांच्याकडे. "कधीपासून माहीत आहे?"

"मागून हाक मारली की वळेनासे झालात, तेव्हापासून."

"कोणाला बोललात?"

"मी?" मावशी पिशवी खांद्याला लावत हसल्या. "माझ्या पोटात तीळभर राहत नाही, असं तुम्हीच सांगत फिरता ना?"

त्या गेल्या. डॉक्टरांना भरून आलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की ते बराच वेळ रिकाम्या कपाटाशी उगाच फडकं मारत राहिले.

सकाळी सगळे दिवे हिरवे होते. मशीन बिनतक्रार झाकणं टाकत होतं. डॉक्टर आले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक त्या कपाटाला लावलं, मूठ कानाला लावली आणि मावशींकडे पाहत उभे राहिले.

मावशींनी हातातला पत्रा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसून त्यांच्याकडे वळल्या आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज खुशीत आहे बरं का, डॉक्टर."

डॉक्टरांनी डोळे मिटून जरा वेळ ऐकल्यासारखं केलं. "हो," ते म्हणाले. "मलाही तेच ऐकू येतंय."