गाळलेला ‘का’

मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर ती एकोणीस वर्षं बसत होती. घरी ती थोरली, म्हणून ताई. खिडकीवरही हळूहळू सगळे तिला ताईच म्हणायला लागले, अगदी डॉक्टरसुद्धा. आवाज दणदणीत, हात झपाझप चालणारा. थापा मारून मध्ये घुसणाऱ्याकडे ती चष्म्याच्या वरून अशी बघायची की माणूस आपसूक रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहायचा.

त्या सोमवारी रांग जिन्यापर्यंत गेली होती. मधोमध उभा असलेला एक म्हातारा आधी खाली बसला आणि मग आडवाच झाला. वॉर्डातले दोघे स्ट्रेचर घेऊन धावत आले, पण त्यांना कोणी वाट देईना. जो तो हातातला कागद छातीशी धरून आपली जागा अडवून उभा. सरकलो तर नंबर जाईल. तेव्हा ताई खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि हात उगारून ओरडली, “नंबर आल्याशिवाय मरायचं नाही का? सरका बाजूला!”

रांग सरकली. स्ट्रेचर गेलं. म्हातारा पाचव्या दिवशी चालत घरी गेला, पण ते कोणाच्या मोबाइलमध्ये नव्हतं.

मोबाइलमध्ये होतं ते एवढंच : जमिनीवर पडलेला माणूस, आणि त्याच्या दिशेने हात उगारून ओरडणारी बाई. “नंबर आल्याशिवाय मरायचं नाही!” व्हिडिओ ‘नाही’वर कापला होता. कापणाऱ्याने एक अक्षर गाळलं आणि ताईची एकोणीस वर्षं त्याबरोबर गेली.

दोन दिवसांत त्याला ढोलकीचा ठेका लागला. शाळेच्या बसमधली मुलं ते कोरसमध्ये म्हणायला लागली. रुग्णालयाने “चौकशी होईपर्यंत” तिला तळघरात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं. तिथे खिडकी नव्हती, माणसं नव्हती, फक्त दोरीने बांधलेले गठ्ठे.

तळघरातल्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने फोन केला तो धाकट्याला. धाकटा भाऊ तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. छापील टीशर्ट, कप, पिशव्या बनवणाऱ्या कंपनीत तो चित्रं काढायचा. या आठवड्यात लोक कशाला हसतायत ते हेरायचं आणि हसू विरायच्या आत ते कपड्यावर आणायचं, हे त्याचं काम. आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ताईने त्याला सगळं सांगितलं. म्हातारा, स्ट्रेचर, गाळलेला ‘का’.

“मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “लोक महिन्याभरात विसरतात, ताई. माझा धंदाच आहे तो. मला विचार.”

त्याच्या शब्दावर विसंबून तिने दिवस काढले. आणि खरंच, तिसऱ्या आठवड्यात लोक एका चिडक्या बदकाच्या व्हिडिओमागे लागले. बसमध्ये तिच्याकडे वळून बघणारे कमी झाले.

मग टीशर्ट आले.

पिवळाधमक रंग, त्यावर काळ्या जाड रेघांत एका बाईचं डोकं : अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, वासलेलं तोंड. खाली ते वाक्य. ताईने तो आधी एका दुचाकीवाल्याच्या पाठीवर पाहिला, मग बसथांब्यावर, मग शेजारच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. ज्यांनी व्हिडिओ कधी पाहिलाच नव्हता तेही घालत होते. व्हिडिओ लोक एकदा बघून सोडून देतात. कपडा धुऊन पुन्हा घालतात.

पण हे सगळं लांबून. जवळून तिने तो पाहिला रुग्णालयाच्या कँटीनमध्ये. औषधांच्या दुकानातला माणूस सुट्टीच्या दिवशी पगाराची चिठ्ठी न्यायला आला होता, अंगात तो पिवळा टीशर्ट. ताईला बघून त्याचा चेहरा पडला.

“ताई, शप्पथ, बायकोने आणला. माझ्या लक्षातच...”

“थांब. हलू नकोस.”

तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या छातीशी वाकली. औषधवाला दोन्ही हात बाजूला धरून उभा.

चित्रातल्या बाईच्या हनुवटीवर, डाव्या अंगाला, एक आडवी बारीक खूण होती. ताईच्या हनुवटीवरही ती होती. धाकटा पाच वर्षांचा असताना त्याने रागाने भिरकावलेल्या पट्टीची. चार टाके पडले होते. पण व्हिडिओ उजवीकडून काढलेला होता. त्यात हनुवटीची डावी बाजू कुठेच दिसत नव्हती. तिने तो इतक्या वेळा पाहिला होता की तिला हे डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

ही खूण ज्याला माहीत होती त्यानेच हे चित्र काढलं होतं. कलाशाळेच्या प्रवेश परीक्षेआधी दोन महिने तो रोज तिला घरातल्या खिडकीपाशी बसवून तिचं डोकं काढायचा. मान अवघडायची, पण ती हलायची नाही.

“जा,” ती औषधवाल्याला म्हणाली. “तुझी चूक नाही.”

ती चहा तसाच टाकून निघाली. अर्ज न देता, कोणाला न सांगता.

धाकट्याच्या कंपनीचा कारखाना एका जुन्या गोदामात होता. आत शिरताच रंगाचा उग्र वास. लांबलचक टेबलांवर पिवळे टीशर्ट ओळीने ताणून लावलेले. दोन बायका जाळीची चौकट एकेका टीशर्टवर ठेवत होत्या आणि रबरी पात्याने काळा रंग ओढत होत्या. एक ओढ, एक ताई. चौकट उचलायची, पुढे सरकायचं, दुसरी ताई. टेबलभर ती तोंड वासून पडली होती, ओली, वाळायची वाट बघत.

धाकटा कोपऱ्यात संगणकापुढे होता. तिला बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

त्याच्या आधी मालकीण आली. चाळिशीची, कापलेले केस, हातात मोबाइल. तिने ताईकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा ताईकडे, आणि टाळीच वाजवली.

“अरे देवा! मूळ बाई! अहो, तुम्ही स्वतः आलात? एक फोटो घेऊ या का, टीशर्टच्या शेजारी?”

“फोटो नंतर,” ताई म्हणाली. “आधी याला विचारा मी कोण.”

मालकीण वळली. “तू ओळखतोस यांना?”

धाकट्याने टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली.

“बोल की,” ताई म्हणाली. “जीभ कापली तुझी? मी याची सख्खी बहीण. याने सांगितलं नाही ना? मला वाटलंच.”

रंग ओढणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“ताई, आपण बाहेर बोलू,” तो म्हणाला.

“मला तू चारचौघांत आणलंस, आता मी बाहेर जाऊ? मी तुला फोनवर सांगितलं होतं, नीट सगळं सांगितलं होतं. तेव्हा तू ऐकत होतास की चित्र काढत होतास?”

“तेव्हा नाही,” तो म्हणाला. आणि लगेच त्याला कळलं की आपण काय कबूल केलं.

“मग कधी?”

“दोन आठवड्यांनी. मी नसतं काढलं तर दुसऱ्या कोणी काढलं असतं, ताई. लोकांच्या तोंडात होतं ते. मी फक्त कापडावर आणलं.”

“लोकांच्या तोंडात थुंकीही असते. ती आणतोस का कापडावर?”

एक बाई हसली आणि मालकिणीकडे बघून तिने तोंड फिरवलं.

“बाई, तुमचा राग मी समजू शकते,” मालकीण मध्ये पडली. “पण लोक तुमच्यावर प्रेम करतायत. तो टीशर्ट घालणारा प्रत्येक माणूस कुठल्यातरी रांगेला वैतागलेला आहे. तुम्ही त्यांचा आवाज झालात!”

“मग माझं वाक्य पूर्ण छापा. शेवटी ‘का’ आहे. ‘मरायचं नाही का?’ एक अक्षर. जागाही आहे, मी बघितलं.”

मालकिणीने क्षणभर खरोखरच विचार केला. ओठांनी वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. मग मान हलवली. “‘का’ लावला तर विनोदच जातो हो.”

ताईने टेबलावरची चौकट उचलली, जमिनीवर आपटली आणि जाळीच्या मधोमध पाय दिला. जाळी टर्रकन फाटली. तिच्या सँडलला आणि सलवारीच्या कडेला काळा रंग लागला.

कोणी ओरडलं नाही. मालकीण नुसतीच म्हणाली, “दुसरी बनते हो ती. चित्र संगणकात आहे.”

ताई फाटक्या जाळीत पाय ठेवून तशीच उभी राहिली. मग पाय सोडवून ती भावाच्या टेबलाशी गेली. पडद्यावर तिचंच डोकं होतं, टेबलावरच्यापेक्षा मोठं.

“हनुवटी पूस,” ती म्हणाली.

“काय?”

“खूण पूस. बाकीची ती व्हिडिओतली बाई आहे, ती घे तू आणि तुझे लोक. हनुवटी माझी आहे. ती तुला मी दाखवली होती, विकायला नव्हती दिली.”

धाकटा मालकिणीकडे बघायला लागला.

“तिच्याकडे काय बघतोस? पूस!”

“पूस रे,” मालकीण कंटाळून म्हणाली. “त्या रेघेने काय फरक पडतो?”

तो बसला. त्याने रेघ नीट पुसली, कडा गुळगुळीत केल्या. ते त्याला केल्याशिवाय राहवतच नसावं. मग तो पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, “मी व्हिडिओ बघून काढलंच नाही, ताई. मला गरज नव्हती. तो बघितला तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. म्हणून नीट काढलं.”

“तीच तर तक्रार आहे. वाईट काढलं असतंस तर मी तुझ्याकडे आले नसते.”

ती निघाली. दारापर्यंत तिच्या एका पावलाचे काळे ठसे उमटत गेले.

चौकशी चार महिन्यांनी संपली. त्या म्हाताऱ्याच्या सुनेने येऊन लेखी जबाब दिला, आणि ताईला पुन्हा खिडकी मिळाली. वर्तमानपत्रात यातलं काही आलं नाही. यायला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तोवर टीशर्टही रस्त्याकडेच्या ढिगात जाऊन पडले होते आणि कंपनी बदक छापत होती.

ताई आईबरोबर राहायची त्या घरी धाकटा एका रविवारी दुपारी आला. दार ताईने उघडलं. तो तोंड उघडणार एवढ्यात ती आत वळून म्हणाली, “आई, धाकटा आलाय तुला भेटायला. मी जरा खाली जाते.”

“ताई, माझं ऐकून तरी घे.”

ती चपला घालत होती. “मी तुला एकदा सांगितलं होतं, तू ऐकलंस. त्याचं काय केलंस ते बघितलं मी. आता तुझं ऐकून मी काय करू? माझ्याकडे छपाईचं यंत्र नाही.”

ती जिना उतरली आणि इमारतीमागच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसली. वरच्या खिडकीत तो दोनदा येऊन उभा राहिला. तिने मान वर केली नाही. तासाभराने तो खाली आला, बाकापासून चार पावलांवर थांबला, वाट बघितली आणि गेला.

पुढे तेच ठरून गेलं, कोणी न ठरवता. एक रविवार सोडून एक रविवार, चारला ताई खाली उतरते. चार वाजून पाच मिनिटांनी तो येतो, आईशी गुडघ्यांबद्दल, औषधांबद्दल बोलतो, चहा पितो. पाच वाजता जातो. आई दोघांनाही काही विचारत नाही. तो गेला की ती त्याचा कप आधी धुऊन ठेवते, मग खिडकी उघडून खाली हाक मारते, “ये आता वर.”