हळदीच्या पाण्यातला सूर्य

“किती डाग दिसून राह्यले?”

तानुबाई अंगणातल्या परातीवर वाकली. हळदीच्या पाण्यात सूर्य थरथरत होता. “तीन,” ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, तुळशीरामने, वही डोळ्यांना चिकटवून भल्यामोठ्या अक्षरात तीन लिहिलं.

तो मेहकरच्या तहसिलीतला पाऊस मोजणारा शिपाई. अकरा वर्षांपूर्वी त्याची पोर रुखमी शेतातून येताना बाभळीखाली थांबली आणि वीज पडून गेली. पाऊस आला तर झाडाखाली थांब, असं तिला त्यानेच बजावलं होतं. त्याच वर्षी नागपूरच्या वेधशाळेचे एक साहेब सहज बोलून गेले, की सूर्यावरचे डाग वाढले म्हणजे इथल्या हवेत, पावसापाण्यात, विजांतही फरक पडत असावा. पण डागांचा फेरा अकरा वर्षांचा, तेवढी नोंद ठेवणार कोण? तुळशीरामने ठेवली. सकाळी डाग, संध्याकाळी गडगडाट. विजांचं वर्ष आधी कळलं तर कुणाची तरी पोर वाचेल, एवढाच त्याचा हट्ट. पुढे सूर्य बघून बघून डोळे अधू झाले, तेव्हापासून चार वर्षं परातीत तानुबाई बघत होती. उद्या वही नागपूरला जायची होती.

“आता साहेब लोकाईले आगाऊ सांगतीन,” तो म्हणाला. “आपली पोर फुकट नाही गेली.”

तानुबाई परातीजवळच खाली बसली.

“मले डाग कधी दिसलेच नाही जी. पयल्या दिवशी नाही म्हटलं, त तुम्ही जेवले नाही. मंग मी सांगत गेली.”

“चार वर्सं?”

“हाव.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने त्या चार वर्षांच्या डागांवर पानोपानी रेघ मारली, गडगडाटाचा रकाना तेवढा ठेवला. “हे मी माह्या कानानं आयकलं,” तो म्हणाला. मग वही फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिली. आता ती पाठवण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी आभाळ गरजलं. रानातून बाया परतायची वेळ होती. तुळशीराम काठी टेकत कुंपणापर्यंत गेला आणि बाभळीच्या दिशेने जीव खाऊन ओरडला, “झाडाखाली थांबू नका वं! घरी जा!”

वाट रिकामी होती. बाभूळही कधीच तोडली होती.

“गेल्या का बाया?” त्याने विचारलं.

“गेल्या,” तानुबाई म्हणाली.

किती होत्या, हे त्याने विचारलं नाही.