दुसऱ्या वळणावरची भिंत

आमच्या मुलीला, रॉबिनला, जुळं झालं त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एक्याण्णवला, माझ्या नवऱ्याला, क्लेमला, पक्षाघाताचा झटका आला. त्याची सगळी उजवी बाजू गेली. डोकं शाबूत राहिलं. जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट झाली.

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या डोंगरउतारावर आमचं घर. रस्ता वर, घर खाली, मध्ये बावीस पायऱ्या आणि बाकी सगळा काळा दगड. इस्पितळातल्या मिसेस प्रायर पायऱ्या मोजून म्हणाल्या, "फाटकापासून दारापर्यंत चाकाची खुर्ची आली पाहिजे. जूनपर्यंत जमलं नाही, तर क्लेमची सोय वृद्धाश्रमात करावी लागेल."

ठेकेदार आला आणि वरूनच बघून गेला. यंत्र खाली उतरणार नाही म्हणाला. मग मी पहार घेतली. अडुसष्ट वर्षांची होते.

वाट सरळ नेली तर फार उतरती झाली असती, म्हणून दोन वळणं घ्यायचं ठरवलं. वाटेची माती धरून ठेवायला खालच्या अंगाला भिंत हवी. दगड उतारातलेच, उकरून लोळवत आणायचे. पहिली भिंत मी सिमेंटमध्ये बांधली, फटी बुजवून गुळगुळीत. एप्रिलमध्ये तीन दिवस पाऊस लागला आणि भिंतीचं पोट पुढे आलं.

शेजारचा आंते कुंपणावरून बघत होता. हा क्रोएशियातल्या, डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावरचा. तरुणपणी इथे धरणांच्या कामावर आला, तो राहिलाच.

"डॉट, कितवा महिना?"

"कुणाला?"

"तुझ्या भिंतीला."

"हसून घे. मला काम आहे."

"पाण्याला बाहेर पडायला जागा ठेवली नाहीस. मग ते ढकलणारच. आमच्या बेटावर सिमेंट कुणी बघितलंय? आजोबांच्या भिंती अजून उभ्या आहेत."

"मग माणसं का पळाली तिथून?"

"भिंती बांधून कंटाळली," म्हणत तो हातोडा घेऊन कुंपण ओलांडून आला.

माझी भिंत आम्ही पाडली. नवी नुसत्या दगडांची रचली. मोठे दगड तळाला, प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर, मागे बारीक खडी, आणि सगळी भिंत जराशी डोंगराकडे कललेली. आंतेचा एक नियम होता. उचललेला दगड परत टाकायचा नाही.

"हातात घेतलास ना? आता त्याला घर शोध."

एक दगड मी पाव तास फिरवत बसले. तो निवांत विडी ओढत राहिला.

दर रविवारी इस्पितळात जाऊन मी क्लेमला सांगायची, किती झालं ते.

"आंतेला सांग," तो म्हणाला, "भिंत पडली तर मी त्याच्याकडे राहायला येणार. जेवणासकट."

जूनमधल्या एका मंगळवारी मिसेस प्रायर रिकामी खुर्ची घेऊन आल्या. आंते तिच्यात बसला, शंभर किलोचा ऐवज. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर खुर्ची अडकली. एका बाजूला डोंगराचा जिवंत खडक, दुसरीकडे आमची भिंत. आम्ही ती वाट माती वाहायच्या गाडीने तपासली होती. त्या गाडीला चाक एकच, ती जागच्या जागी वळते.

"वीतभर कमी पडतंय," मिसेस प्रायर म्हणाल्या. "आश्रमातली खोली कुणाला द्यायची ते गुरुवारी दुपारी ठरतं. मला आहे तेच लिहावं लागेल."

मी वाकून भिंतीला वीत लावून बघितली.

"गुरुवारी सकाळी या," आंते खुर्चीतूनच म्हणाला.

"दोन दिवसांत भिंत हलवणार तुम्ही?"

"हिची पहिली असती तर फोडण्यातच महिना गेला असता. ही नुसती रचलेली आहे, बाई."

त्या वळणावरची चार पावलं लांबीची भिंत आम्ही दगड-दगड उतरवली, पाया वीतभर बाहेर खणला आणि तेच दगड पुन्हा रचले. बुधवारी संध्याकाळी माझी बोटं मिटेनात. आंतेने माझ्या कपातल्या चहात साखर ढवळून दिली.

गुरुवारी मिसेस प्रायरनी त्याला पुन्हा बसवलं. खुर्ची दुसऱ्या वळणावर आली, मागे सरली, वळली आणि खाली दारापर्यंत गेली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "चहा मिळेल का?"

क्लेम सोमवारी घरी आला. दुसऱ्या वळणावर त्याने मला थांबायला लावलं. तिथून खाडी दिसत होती.

"एवढ्या वर्षांत इथून कधी बघितलंच नाही," तो म्हणाला.

"इथे उभं राहायला जागाच कुठे होती?"

त्या वाटेवरून क्लेम पावणेआठ वर्षं आला-गेला. चौदा मार्च एकोणीसशे नव्व्याण्णवला, रविवारी सकाळी, तो घरातच वारला. आंते पुढच्या वर्षी दोन जूनला गेला.