तिसऱ्या पंख्याचं बेरिंग

राजकुमार राठोडला मोटर बघावी लागत नसे, ऐकावी लागे. ढाणकीच्या रस्त्याला त्याचं वाइंडिंगचं दुकान. कुणी बिघडलेली मोटर आणली की हा ती चालू करायचा, लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगाला लावायचा, मूठ स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून सांगायचा: बेरिंग गेलं, नाहीतर बुश घासतोय. सहसा चुकायचा नाही. चुकत नाही हे चारचौघांत स्वतःच सांगायचा, एवढा मात्र दुर्गुण होता.

गेल्या वर्षी त्याच्या बंजारा तांड्यामागच्या मुरमाड माळावर एका कंपनीचं डेटा सेंटर उभं राहिलं. देशभरातल्या लोकांचे फोटो अन् व्हिडिओ तिथं साठवतात, एवढंच तांड्याला कळलं होतं. ती यंत्रं तापतात म्हणून छतावर बारा पंखे, एकेक खाटेएवढा. दिवस नाही, रात्र नाही, भणभण चालूच. घराच्या भिंतीला हात लावला तरी हाताला कळायची. राजकुमारची अडीच महिन्यांची पोर डोळा लागला की दचकून उठायची. बायको ममता आधी चिडली, मग रडली, आणि शेवटी पोरीला घेऊन महागावजवळच्या माहेरी निघून गेली. भांडली नाही. "आवाज थांबला की फोन करा, दुसऱ्या दिवशी येईन," एवढं बोलली.

तक्रार झाली होतीच. एक साहेब मीटर घेऊन आले, फाटकापाशी चहा प्याले आणि आवाज मर्यादेत आहे असं लिहून गेले. ही मर्यादा कोणाच्या कानांची, ते कागदावर नव्हतं.

मग राजकुमार स्वतः कुंपणाशी तासभर उभा राहिला, आणि त्याला सापडलं. भणभणीच्या आत एक घरघर होती, जात्यात खडे पडल्यासारखी. तो तडक तांड्याचे नायक धावजी यांच्या ओट्यावर गेला.

"नायक, रोग सापडला. डाव्या हाताच्या तिसऱ्या पंख्याचं बेरिंग गेलं. अर्ध्या घंट्याचं काम हाये."

"तुले आत कोन घेते बाबू?" धावजी म्हणाले.

"घेतीन. हा आवाज मी बंद करून दाखवतो."

सगळ्यांदेखत बोलून बसला. त्याच संध्याकाळी ममतालाही फोनवर सांगितलं, आठ दिवस थांब.

आठाचे तेवीस झाले. डेटा सेंटरचा व्यवस्थापक सलील, यवतमाळचा, बोलायला अगदी गोड. माणूस उद्धट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"राजकुमारभाऊ, पंख्यांवर हैदराबादहून लक्ष असतं. तिथं स्क्रीनवर हिरवा दिवा आहे," तो म्हणायचा.

"साहेब, मी इथं उभा राहून ऐकून राह्यलो, अन् तुम्ही हैदराबादले विचारून राह्यले."

"तसा नियमच आहे हो."

नियमाप्रमाणे ईमेल झाला. ईमेलला नंबर मिळाला. नंबर विचारायला गेलं की नवा नंबर मिळायचा. चपला झिजल्या, दुकान अर्धा दिवस बंद राहू लागलं आणि तांड्यातले लोक विचारायचे, काय राजू, झालं का अर्ध्या घंट्याचं काम? राजकुमारच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

चोविसाव्या दिवशी तिसरा पंखा दणदण करत बंद पडला. हैदराबादचा दिवा एकदाचा लाल झाला. कंपनीचा मेकॅनिक नागपुराहून यायला दोन दिवस लागणार होते, तेव्हा कुठे सलीलला राजकुमार आठवला.

डोक्यावर हेल्मेट, कानांवर जाड झाकणं लावून त्याला छतावर चढवलं. बेरिंगच गेलं होतं. नवं बेरिंग कंपनीच्याच स्टोअरमध्ये पडून होतं, हे कळल्यावर त्याला हसावं की रडावं समजेना. बरोबर अर्ध्या तासात पंखा फिरला. सलीलनं हात मिळवला आणि एक कागद पुढे केला: आवाजाची तक्रार दूर झाली. राजकुमारनं झोकात सही ठोकली. आपण आपल्या कामाखाली सही करतोय, असंच त्याला वाटलं.

घरी आई, हंसाबाई, दारात डाळ निवडत होती.

"याडी, ऐक बरं," तो आईला म्हणाला.

तिनं हात थांबवून ऐकलं. "घरघर गेली," ती म्हणाली. "भणभण हायेच की."

तो उलट्या पावली परत गेला. सलील खुशीत होता, त्यानं वर जाऊ दिलं. राजकुमारनं कानांवरची झाकणं काढली आणि बाराही पंख्यांना एकेक करून पेचकस लावला. कुठं झीज नाही, कुठं घासणं नाही. निदान एक तरी बिघाड निघावा म्हणून तो दुसऱ्यांदा पहिल्या पंख्यापासून सुरू झाला. सगळे ठणठणीत. हा आवाज मोडक्या यंत्राचा नव्हताच, नीट चालणाऱ्या यंत्राचा होता, आणि त्यावर त्याच्याकडे काय, कुणाकडेच अवजार नव्हतं.

"पुढच्या वर्षी आणखी बारा बसतील," सलील मायेनं म्हणाला. "देखभाल तुम्हीच करा ना. आणि तक्रारीचं म्हणाल तर ती आता तुमच्याच सहीनं बंद झाली."

तो फाटकाबाहेर पडला तोच ममताचा फोन आला. तांड्यातून कुणीतरी तिला कळवलं होतं.

"झालं म्हणे दुरुस्त. मी थैली भरून ठेवली. उद्या सकाळच्या गाडीनं निघू ना?"

"नको निघू."

"काहून? दुरुस्त नाई झालं का?"

"झालं," राजकुमार म्हणाला. "आता त्या मशीनमंदी काहीच बिघाड नाई, ममता. म्हणून म्हणतो, पोरीले घेऊन तू तिकडंच राह्य."