जनूची मिशी

"दिवाळीपर्यंत तुझ्या परसात एक जरी जितं गांडूळ निघालं, तर मी मिशी उतरवीन," मी शेजारच्या जनूला डिवचलं.

"नाय निघालं तर माझी!"

खाडीचा बांध फुटून त्याच्या बापानं पिकवलेलं परस खारवलं होतं. जनूनं त्यात वर्षभर शेण, गूळ, ताक, कुजकी सुकट ओतली. मलाच दया आली. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी गुपचूप गागोद्याहून वीस गांडुळं आणून सोडली.

दिवाळीला सगळ्यांसमोर खणलं. वीसच्या वीस मेलेली.

"जाऊ दे रे, मस्करी होती," मी बोललो.

जनू ऐकतोय कुठला! रामवाडीच्या नाक्यावर न्हाव्यासमोर बसला.

मिशी उतरलेली बघून येणारेजाणारे थांबायचे. "जनू, कोण गेलं रे?"

"परस गेलं," तो बोलायचा.